अब्बा आणि त्यांचं खेचर

अब्बा सैन्यातून निवृत्त होऊन आमच्या गावी, भाज्याला परतले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. सैन्यात काय करत होता असं कुणी विचारलं की ते "सप्लायमध्ये होतो" एवढंच म्हणायचे आणि विषय बदलायचे. नंतर त्यांनी मळवली स्टेशनच्या रस्त्याला किराणा दुकान टाकलं. त्यामुळे सप्लाय म्हणजे गोदामात बसून तांदळाची पोती उतरवून घेणं, असंच चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

या सव्वीस जानेवारीला गावातल्या तरुण मंडळानं आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. बोलवायला पोरं घरी आली तर अब्बा म्हणाले, "मी कुठं लढलो? जे लढले त्यांना बोलवा."

अम्मीनं मला लोणावळ्याला फोन केला. "तू ये. तुझं ऐकतात ते."

मी आदल्या दिवशीच आले. पण माझंही त्यांनी ऐकलं नाही. सकाळी झेंडावंदनाची गाणी स्पीकरवर लागली तरी ते गंजी-लुंगीवर दुकानाच्या पायरीवर बसून होते. शेवटी भाऊ आले. भाऊ म्हणजे आमच्या शेजारच्या वावराचे मालक. सगळं गाव त्यांना भाऊच म्हणतं. ते पायदळात होते. अब्बांच्या मागोमाग वर्षभरात तेही निवृत्त होऊन आले आणि तेव्हापासून दोघांचा दुपारचा चहा एकत्र होतो.

"चल गड्या, कपडे घाल," भाऊ म्हणाले.

"तू जा. मी दुकान बघतो."

"मी एकटा जायचा न्हाई. मग माझा बी सत्कार ऱ्हाऊ दे." असं म्हणून ते पायरीवर बसले आणि खिशातून तंबाखूची डबी काढून निवांत मळायला लागले.

अब्बांनी थोडा वेळ वाट पाहिली. भाऊ काही हलेनात. मग अब्बा उठून आत गेले. अम्मीनं पांढरा शर्ट पहाटेच इस्त्री करून ठेवला होता.

शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. सुट्टीचा दिवस, त्यामुळे लोहगडाला निघालेल्या गाड्यांची रांग रस्त्यावर तुंबली होती आणि त्यातले काही जण खाली उतरून कुंपणाशी उभे राहिले होते. पुढे सतरंजीवर शाळेची मुलं, एका बाजूला आम्ही बायका. सरपंचबाई एकेकाला शाल आणि श्रीफळ देत होत्या आणि प्रत्येकाला दोन शब्द बोलायचा आग्रह होत होता. एक जण तोफखान्यात होते. त्यांनी तोफ कशी धडाडते ते तोंडानं आवाज काढून सांगितलं आणि मुलांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. त्यांच्यानंतर अब्बांचा नंबर होता.

अब्बा माइकसमोर उभे राहिले. शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी दोनदा सावरली. अम्मीनं माझा हात घट्ट धरला.

"मी," ते म्हणाले, "मी खेचरं सांभाळली."

मुलं हसली. शाळेच्या एक बाई उठून त्यांना दटावू लागल्या.

"हसू द्या बाई," अब्बा म्हणाले. "मला पहिल्या दिवशी खेचराची दोरी हातात दिली, तेव्हा माझ्या बरोबरची पोरंही अशीच हसली होती. बंदूक मागायला गेलो आणि दोरी मिळाली."

आता मोठी माणसंही हसली. अब्बांचा आवाज जरा मोकळा झाला. मग ते त्या मुलांशीच बोलायला लागले, दुकानात गोळ्या घ्यायला आल्यावर बोलतात तसे. जिथे गाडी जात नाही अशा डोंगरावर जवान राहतात. त्यांना पीठ, डाळ, रॉकेल, दारूगोळा, सगळं खेचराच्या पाठीवरून जातं. अब्बांकडे जे खेचर होतं ती मादी होती. पाण्यातून जायचं तर आधी अब्बांनी पाय घालायचा, मगच ती उतरायची. बर्फात त्यांची बोटं इतकी आखडायची की गाठ सुटायची नाही. मग ते दोन्ही हात तिच्या मानेखाली घालून उभे राहायचे. "ती हलायची नाही. पाठीवर ओझं असायचं, दमलेली असायची, तरी माझे हात गरम होईपर्यंत हलायची नाही."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "ती आता कुठंय?"

अब्बा तिच्याकडे वळले. "गेली असेल बाळा. इतकी वर्षं नसतात जगत ती. मी सुटलो त्या दिवशी दोरी नव्या जवानाच्या हातात दिली. त्याला सांगितलं, पाण्यात आधी तू उतर. एवढंच सांगून निघालो. ती मागून ओरडत होती. मी वळून बघितलं नाही. वळलो असतो तर घरी आलो नसतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढ्यात मंचावरच्या खुर्चीतून भाऊ उठले आणि थेट अब्बांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. माइक चालू आहे याचं त्यांना भान नव्हतं.

"व्हय रं, इतकी वर्सं माझ्याबरं चा पितोस आन् हे मला आज सांगतोस?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

"काय व्हतं?" भाऊंचा आवाज स्पीकरवरून घुमला. "आमी वर बसायचो तवा खालच्या वाटंकडं डोळं लावून बसायचो. बर्फ पडून वाट बंद झाली की कच्चं पीठ पाण्यात कालवून खाल्लंय आमी. आन् मग खालनं खेचरांची रांग दिसायची. लय लांब, मुंग्यावानी. आमी पोरं नाचायचो रं!" मग ते मुलांकडे वळले. "ह्यो न्हाई आला तर आमची चूल पेटत नव्हती. कळलं का?"

अब्बा हळूच म्हणाले, "तू होतास त्या भागात मी कधी नव्हतो. माझी नसेल ती रांग."

"तुझी नसंल तर तुझ्यासारख्याची असंल. गप बस." भाऊंनी त्यांना दंडाला धरून खुर्चीपर्यंत नेलं, आपली खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला चिकटवली आणि पुढचा सगळा कार्यक्रम दोघं खांद्याला खांदा लावून बसले. आता टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. कुंपणाशी उभे असलेले लोकही वाजवत होते.

जिलेबी वाटून झाली. दोघं म्हातारे पुढे आणि अम्मी आणि मी मागे, असे आम्ही घरी निघालो. ते दोघं मोठमोठ्यानं बोलत होते, कुठल्या खिंडीत बर्फ जास्त, कुठलं पाणी कडू.

"तुला हे माहीत होतं?" मी अम्मीला विचारलं.

"मला नाही तर कुणाला असणार? रजेवर यायचे तेव्हा झोपेत तिच्याशी बोलायचे. थांब गं, दमलीस का गं, असं. मला कधी नाही विचारलं दमलीस का म्हणून." ती हसत होती, पण पुरती हसत नव्हती. "नवीन लग्न झालेलं. मी रागानं कधी तिचा विषयच काढला नाही. मग त्यांनीही काढला नाही."

घरी आल्यावर भाऊ बाजेवर बसले. अम्मीनं चहा टाकला. अब्बा त्यांच्या शेजारी बसून शाल घडी करत होते. अम्मी ओट्याशी पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, "दिसायला कशी होती हो ती?"

अब्बांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या पाठीकडे.

"तांबूस," ते म्हणाले. "पोटाला जरा फिकी. डोळे मोठे होते."

"खायला काय आवडायचं तिला?"

"गूळ. माझ्या वाटणीचा मी ठेवायचो."

"हं," अम्मी म्हणाली. तिनं तीन कपांत चहा ओतला, चौथा स्वतःसाठी भरला आणि कधी नाही ते त्यांच्यामध्ये बाजेवर जाऊन बसली. "अजून सांगा," ती म्हणाली.