खानसाहेबांनी रचलेला ढीग

टांग्यात बसायचं असलं की चिंतलवार सर आधी घोड्याला लांबून वळसा घालत. मागच्या बाजूला येऊन टांगेवाल्याला हळूच विचारत, "आज याचा मिजाज कसा आहे?" जटपुरा गेटजवळचे टांगेवाले त्यांची वाटच पाहत असायचे, कारण फुकटची करमणूक. एकदा घोड्यानं नुसतं फुर्र केलं, तर सर उपरण्यासकट शेजारच्या पानठेल्यात शिरले. आणि हा माणूस मंगोलांचा इतिहासकार होता! ज्यांनी घोड्यावरून अर्धं जग तुडवलं, जे घोड्यावरच जेवले आणि घोड्यावरच झोपले, त्या मंगोलांचा. चांद्याच्या कॉलेजातली पोरं त्यांना 'खानसाहेब' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडतही होतं.

मी तेव्हा जंगलखात्यात रेंजर होतो. चांद्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून, म्हणून ओळख. सर मूळचे राजुऱ्याचे. राजुरा त्या काळी निजामाच्या राज्यात, म्हणून शाळा उर्दूत झाली. तिथल्या मौलवीसाहेबांनी फारसी शिकवली, पुढे हैदराबादेत जुन्या फारसी बखरी हाती लागल्या, आणि त्या बखरींतून मंगोल जे घुसले ते सरांच्या डोक्यातून कधी निघालेच नाहीत. पंधरा-वीस वर्षं ते एकच ग्रंथ लिहीत होते. मंगोलिया त्यांनी पाहिला नव्हता. मी एकदा विचारलं, "एकदा जाऊन यावंसं नाही वाटत?" ते म्हणाले, "तिथी घोडे असतेत ना भाऊ."

सरांची भाषा दोन प्रकारची होती. वर्गात अगदी पुणेरी, स्वच्छ. घाबरले की मात्र राजुरा बाहेर यायचा. आणि ते घाबरायचे पुष्कळ. कुत्र्याला, विजेला, प्रिन्सिपॉलसाहेबांना, फोडणीत तडतडणाऱ्या मोहरीलासुद्धा. त्यांच्या पत्नी त्यांना स्वयंपाकघराबाहेर बसवून मगच फोडणी करत. याची त्यांना मुळीच लाज नव्हती. उलट म्हणत, "शूर लोकं मारून-मरून गेले, भाऊ. लिहून ठेवलं कोनं? जे कोठीत लपून बसले होते त्यायनं. इतिहास म्हंजे भ्यालेल्या मानसाची साक्ष." मी हसायचो. त्यात किती खरं आहे ते पुढे कळलं.

माझी बदली आलापल्लीच्या पुढं, कोयारगुड्याला झाली. पंधरा-वीस झोपड्यांचं माडिया लोकांचं गाव आणि सगळीकडे जंगल. सुट्टीत चांद्याला आलो असताना मी बोलता बोलता सरांना सांगितलं, की आमच्या गावाच्या वाटेवर दगडांचा एक ढीग आहे. थंडीत तिथं लालसू नावाच्या माणसाला वाघानं नेलं होतं. जिथं रक्त सापडलं, तिथं येणारा-जाणारा एक दगड किंवा हिरवी डहाळी टाकून पुढं जातो.

सर ताडकन उठून उभे राहिले. मंगोलांच्या मुलखात खिंडीखिंडीत असे ढीग असतात म्हणे. वाटसरू दगड टाकतो, भोवती फिरतो आणि मग पुढची वाट धरतो. त्यावर सरांनी ग्रंथात एक आख्खं प्रकरण लिहिलेलं होतं, आणि असा ढीग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. "वाघ अजून तिथंच आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बऱ्याच दिवसांत कोणाला दिसला नाही. चैत्रात ते खरोखरच आले. आलापल्लीपर्यंत लाकडाच्या ट्रकमधून आणि पुढं बैलगाडीतून, दोन्ही हातांनी गाडीचा दांडा आवळून धरलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ढिगाकडे गेलो. सोबत नाकेदार, म्हणजे आमच्या खात्याचा शिपाई, होता. ढीग माझ्या कमरेइतका. वर साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, डहाळ्या, काही वाळलेल्या, काही त्याच सकाळच्या. सरांच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद पुन्हा कधी पाहिला नाही. भीती कुठल्या कुठं पळाली होती. त्यांना तिथं बसवून नाकेदार आणि मी खालच्या ओढ्यावर वाघाचे पंजे उमटलेत का बघायला गेलो.

परत आलो तर सर मातीत फतकल मारून बसलेले. अर्धा ढीग उलगडलेला. वरचे दगड एका ओळीत, मधले दुसऱ्या ओळीत, डहाळ्या बाजूला. हातात एक लाकडी फणी होती, बारीक नक्षी कोरलेली.

"आत असतंच काहीतरी," ते हरखून म्हणाले. "बखरीत लिहिलंय तसंच. तिकडे बाण सापडतात, इथं फणी!"

नाकेदाराचा चेहरा पांढराफटक पडला. तो गावचाच, माडिया. "साहेब, हे काय करून राह्यले?" एवढंच म्हणाला आणि मागं सरकला. मी घाईघाईनं दगड जसे हाती आले तसे परत टाकले आणि सरांना ओढून क्वार्टरवर आणलं. फणी त्यांच्या खिशातच राहिली.

ते दिवस मोहफुलांचे होते. बाया पहाटे फटफटायच्या आत टोपल्या घेऊन झाडांखाली जात. वाळवलेली मोहफुलं म्हणजे पावसाळ्यातलं अन्न. दुसऱ्याच दिवशी बाया टोपल्या टाकून किंचाळत गावात पळत आल्या. मोहाच्या झाडाखाली वाघ बसला होता. कोणाला धरलं नाही, नुसता बसून बघत होता. वाघानं मारलेला माणूस मग वाघाच्याच डोक्यावर बसून हिंडतो, त्याला वाट दाखवतो, असं तिकडे मानतात. दगडांनी त्या मेलेल्या माणसाला एका जागी बांधून ठेवायचं असतं. लालसू सुटला होता.

त्या दिवसापासून जंगलात कोणी जाईना. मोहफुलं गळत होती आणि जागच्या जागी आंबत होती. वाऱ्याबरोबर तो गोड, कुजका वास घरात यायचा. सर खोलीच्या कोपऱ्यात बसून राहत. पान हललं तरी दचकत. मला म्हणाले, "मले चांद्याले धाडून दे, भाऊ." पण गाडीवाला गाडी जुंपायला तयार नव्हता.

मग एका सकाळी सगळं गाव माझ्या अंगणात येऊन उभं राहिलं. कोणी आवाज करत नव्हतं. पुढं पुसू गायता, गावच्या देवांचं बघणारा म्हातारा. त्याच्यामागे लालसूची बायको जुरी, पोर पाठीला बांधलेलं. ओरडणाऱ्या माणसांना रेंजर आवरू शकतो. गप्प उभ्या माणसांना काय करायचं ते खात्यानं शिकवलेलं नसतं.

"भाऊ," पुसू म्हणाला, "ढिगाले हात कोनं लावला?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, वानरांनी. सरांना वाचवायला हवं होतं. पण आतून दाराची कडी वाजली आणि सर बाहेर आले. धोतर एका हातानं धरलेलं.

"म्या लावला," ते म्हणाले. "माह्याशिवाय कोनी नाई."

पुसू रागावला नाही. म्हणाला, "ज्यानं उघडला त्यानंच बंद करावा लागते. दुसऱ्याचा हात चालत नाई." मी बंदूक घ्यायला वळलो, तर तो म्हणाला, "माफी मागाले बंदूक घेऊन जातेत का, भाऊ?"

मी सरांना बाजूला घेऊन म्हटलं, "नको. मी वरच्या साहेबांना कळवतो, शिकारी येईल." सर म्हणाले, "शिकारी येईस्तोर मोहफुलं थांबतीन का?" आणि चपला घालू लागले. डावी-उजवी उलटी झाली, ती काढून पुन्हा घातली.

सर पुढं, त्यांच्यामागं जुरी आणि पुसू, मग मी. पाखरंही बोलत नव्हती. ढिगाजवळ पोचल्यावर सरांनी खिशातून फणी काढली आणि दोन्ही हातांवर ठेवून जुरीपुढं धरली. ती फणी लालसूनं जुरीसाठी कोरलेली. तो गेल्यावर तिनं ती केसांतून काढून ढिगात त्याच्यासाठी ठेवली होती. जुरीनं ती घेतली, वाकून मातीत ठेवली आणि बाजूला उभी राहिली.

मी घाईत टाकलेले दगड सरांनी सगळे उचलून काढले आणि पहिल्यापासून रचायला घेतलं. मोठा खाली, लहान वर. नखातून रक्त आलं. अर्धा ढीग झाला असेल, तेवढ्यात बांबूच्या बेटामागं सांबर ओरडलं. जंगलात राहिलेल्या माणसाला त्या आवाजाचा अर्थ सांगावा लागत नाही: वाघ जवळ आहे. पुसूनं हात वर केला. आम्ही जागच्या जागी थिजलो. बांबूत काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. सरांचं धोतर ओलं झालं, पायापर्यंत. पण त्यांचे हात थांबले नाहीत. दगड उचलत होते, ठेवत होते, आणि तोंडानं सारखं काहीतरी पुटपुटत होते. शेवटचा दगड ठेवून झाल्यावर पुसूनं त्यांच्या हातात एक हिरवी डहाळी दिली. ती त्यांनी वर ठेवली. मग आम्ही मागं न बघता आलो.

दोन दिवसांनी बाया पुन्हा मोहफुलं वेचायला गेल्या. वाघ दिसला नाही. त्यानं आपणहून मुलूख बदलला असेल, असं मी खात्याला कळवलं. पुसूनं काही कळवलं नाही. तो सरांसाठी द्रोणभर मोहफुलं घेऊन आला.

ओसरीवर बसून मी विचारलं, "काय पुटपुटत होता? मंत्र का फारसी?"

"कायचा मंत्र? 'मले पळू देऊ नको, मले पळू देऊ नको,' एवढंच."

मग ते म्हणाले, आणि यावेळी भाषा वर्गातली होती, "मंगोलियात असतो ना, तर मी त्या ढिगाचा एक खडा हलवला नसता. तिथल्या माणसांचा मान ठेवायला मी पुस्तकातून शिकलो होतो. ही माणसं माझ्याच जिल्ह्यातली. ही मला कुठल्या पुस्तकात भेटलीच नव्हती."

ग्रंथ पुढं छापून निघाला. फारसा खपला नाही. एका विद्वानांनी परीक्षणात टोमणा मारला, की दगडांच्या ढिगांवरचं महत्त्वाचं प्रकरण लेखकानं अवघ्या दोन ओळींत का उरकलं, ते समजत नाही. सरांनी ते मला हसत हसत वाचून दाखवलं. त्या दोन ओळी मला पाठ आहेत. 'असा ढीग दिसला, तर वाटसरूने एक दगड ठेवावा आणि पुढे जावे. आत काय आहे ते विचारू नये.'

सर गेले ते म्हातारपणी, चांद्याला, आपल्या अंथरुणात, झोपेत. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींना ते भ्याले, त्यातली एकही त्यांच्या वाटेला गेली नाही. नंतर एकदा कामानिमित्त कोयारगुड्याकडं गेलो, तर ढीग माझ्या छातीपर्यंत आलेला. मी एक दगड ठेवला. मग वाकून दुसरा उचलला.

बरोबरचा नवा नाकेदार म्हणाला, "साहेब, एक तर लालसूचा. दुसरा कोनाचा?"

"आमच्या खानसाहेबांचा."

"त्यायलेबी वाघानं नेलं का?"

"नाही," मी म्हटलं. "ते वाघासमोर बसून राहिले होते. इथंच."

तो ढिगाकडं बघत राहिला. मग कोणी न सांगता त्यानं स्वतःही एक डहाळी तोडून आणली.