आमच्या पुण्यात असं नसतं!

"कसं वाटतं नाशिक?" असं पहिल्या वर्षी मला लोकांनी निदान दोनशे वेळा विचारलं असेल. प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणायला मी तोंड उघडायचे आणि बाहेर पडायचा एखादा किस्सा. पुढे नऊ वर्षांनी परत पुण्यात आले. आता पुण्यातले लोक विचारायला लागले, "कसं होतं हो नाशिक?" पुन्हा किस्सेच! सांगून संपतील म्हणावं, तर एकाच्या पोटातून दुसरा निघतो.

पंच्याण्णव साली आमच्या कंपनीनं नाशिकला अंबडमध्ये नवा कारखाना काढला. इलेक्ट्रिक पॅनल आणि स्विच बनवायचो आम्ही. भोसरीच्या कारखान्यातून बदली झालेले दोघंच. ड्रॉइंग ऑफिसातून मी आणि टूलरूममधून लिमयेसाहेब. साहेब तेव्हा पन्नाशीचे. जन्म, शिक्षण, लग्न, नोकरी सगळं पुण्यात. नाशिकला बदली झाली तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, की भोसरीतल्या लोकांना निरोपसमारंभ करावा की सांत्वन, ते कळेना.

नाशिककरांतले आमचे सगळ्यात जवळचे म्हणजे स्टोअर्सचे बाजीराव पगार. मूळचे कळवणकडचे. हो, आडनावच पगार! त्या भागात हे आडनाव पैशाला पासरी आहे, पण माझ्या पुणेरी कानांना सवय व्हायला महिना लागला.

*

पहिल्याच दिवशी मी स्कूटरवरून निघाले. रस्ता माहीत नव्हता, म्हणून एका चहाच्या टपरीवर थांबून कारखान्याचा पत्ता विचारला.

"हे काय, इथंच तर आहे," टपरीवरचे एक गृहस्थ म्हणाले.

"इथंच म्हणजे कुठे? उजवीकडे की डावीकडे?"

गृहस्थांनी विचार केला. मग चहा खाली ठेवला, धोतराचा सोगा सावरला आणि सरळ माझ्या स्कूटरच्या मागे बसले! "चला, दाखवतो. सांगून नाय कळायचं तुम्हाला."

पुण्यात असा अनोळखी माणूस मागे बसला असता तर मी आरडाओरडा केला असता. इथे काय करावं तेच सुचेना. वाटेत ते दोनदा चुकले. एका ठिकाणी "जरा थांबा" म्हणून मेव्हण्याची चौकशी करून आले. शेवटी एकदाचं गेट दिसलं. "हे बघा, म्हणलं नव्हतं इथंच आहे?" मी आभार मानले. ते उतरेनात.

"आता मला परत कोण सोडणार?"

सोडून आले! पोहोचले तेव्हा पाऊण तास उशीर झालेला. वर्क्स मॅनेजरनं घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, पुण्याची माणसं वेळेची पक्की असतात असं ऐकलं होतं."

*

लिमयेसाहेबांचं प्रत्येक वाक्य "आमच्या पुण्यात"नं सुरू व्हायचं. आमच्या पुण्यात दूध कसं दाट, आमच्या पुण्यात रिक्षावाले कसे सरळ. (हे ऐकून मला ठसका लागला होता!) डिसेंबरात कुणीतरी त्यांना स्वेटर घ्या म्हणून सुचवलं. "छे! आमच्या पुण्यात थंडी गुलाबी असते. मी आयुष्यात हाफ शर्टाखेरीज काही घातलं नाही."

पगार शांतपणे म्हणाले, "साहेब, आमच्या थंडीला रंग नाय. दात हायेत."

जानेवारीत एका सकाळी गेटवर गोंधळ. वॉचमन एका माणसाला आत सोडत नव्हता. त्या माणसानं कानटोपी घातलेली, वर मफलर, त्यावर हेल्मेट, अंगात बायकोची शाल, आणि थंडीनं दातखीळ बसल्यामुळे नावही सांगता येत नव्हतं. शेवटी मी ओळख पटवली. हेल्मेट उतरवून लिमयेसाहेब पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"आमच्या पुण्यात वॉचमन माणसं ओळखतात!"

*

पगारांच्या आडनावानं एकदा दोन शहरांत आग लावली होती.

कांदे काढायला पगार चार दिवस गावी गेले होते. पुण्याच्या ऑफिसातून कुणा नव्या माणसाचा फोन आला, त्याला स्टोअर्समधली काही माहिती हवी होती. आमच्या टेलिफोन ऑपरेटर बाईंनी आपलं सरळ उत्तर दिलं, "पगार आला नाही अजून."

"अजून आला नाही? आज बारा तारीख!"

"हो, परवापासून आलेला नाही. पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात."

"तुम्ही लोक गप्प कसे बसलात?"

"आता गप्प नाही तर काय करणार? दर वर्षी या दिवसांत असंच असतं."

फोन ठेवला. दुपारपर्यंत भोसरीत बातमी, नाशिकवाल्यांचा पगार थांबला! संध्याकाळी तिथल्या युनियननं आमच्या पाठिंब्यासाठी गेटसभा घेतली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पर्सोनेल मॅनेजरचा घाम फुटलेल्या आवाजात फोन. तो नेमका लिमयेसाहेबांनी उचलला.

"लिमये, खरं सांगा, पगाराचं काय झालंय?"

"पगार शेतात आहे," साहेब म्हणाले. "कांदे काढतोय."

*

पुण्यात आमच्याकडे कुणी यायचं असलं की आधी फोन, मग वेळ ठरवणं, मग त्या वेळेला बरोबर येणं आणि दीड तासात उठणं. नाशकात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, रविवारी दुपारी दोनला बेल वाजली. नवरा औषधकंपनीच्या कामासाठी धुळ्याला टूरवर. मी नुकती पाठ टेकलेली. दार उघडते तर पगार, आणि त्यांच्यामागे जिन्यावर वरपासून खालपर्यंत माणसं!

"ताई, गडावर गेलो होतो देवीला. म्हणलं एवढ्या लांब आलोय तर तुमच्याकडं पाय लावून जावं."

मंडळी गावाहून आली होती, आणि वणीच्या गडावरून परत कळवणला जायला नाशिक वाटेत लागत नाही. चक्क उलट्या दिशेला आहे! पण हे मला नकाशा पाहिल्यावर कळलं.

नऊ माणसं. घरात पावशेर रवा आणि दोन टोमॅटो. मी मनातल्या मनात पगारांना काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात त्यांच्या आईनं माझ्याकडे बघून अहिराणीत विचारलं, "पोर एकलीच शे का घरमा?" आणि हो म्हणताच तिनं पदर खोचला. पगारांच्या बायकोनं पिशवीतून पीठ काढलं, त्यांच्या वहिनीनं वांगी. दोघी माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. मी मागे गेले तर मला हाताला धरून बाहेर आणून खुर्चीत बसवलं.

"तुम्ही बसा निवांत, ताई. पाहुण्यासारख्या!"

माझ्याच घरात मला वाढून दिलं. भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा. पोटभर जेवले. जाताना म्हातारीनं माझ्या हातात प्रसादाचा नारळ ठेवला आणि मुलाला दटावलं. तिचं बोलणं मला नीट कळलं नाही, म्हणून पगारांनीच सांगितलं, "आई म्हणते, पोर वाळलीय, महिन्यातून एकदा यायला पायजे."

आले! दर महिन्याला आले!

*

आता द्राक्षं. लिमयेवहिनींनी पहिल्या वर्षी फेब्रुवारीत गाडीवरून अर्धा किलो द्राक्षं घेतली. एकेक मणी चाखून, घासाघीस करून. साहेबांनी हे ऑफिसात कौतुकानं सांगितलं.

"विकत घेतली?" पगारांनी हळूच विचारलं. जणू साहेबांच्या घरात कुणी गेलंय!

त्या आठवड्यात साहेबांकडे अकरा पेट्या आल्या. प्रेसशॉपमधल्या खालकरांचा सायखेड्याला मळा होता, त्यांच्याच चार. वहिनींनी द्राक्षाचं सरबत केलं, कोशिंबीर केली, शिकरणीसारखं काहीतरी केलं, शेवटी आमटीत घातली. साहेब घायकुतीला आले. उरलेल्या सहा पेट्या घेऊन ते पुण्याला मेव्हण्याकडे गेले. मेव्हणा दारातच म्हणाला, "एवढी कशाला? दोन घड पुरले असते."

साहेब पाच पेट्या घेऊन परत आले. एक तिथल्या बिल्डिंगमध्ये वाटली होती, आणि तीन बिऱ्हाडांनी "का देताय?" असं विचारलं होतं म्हणे.

घरी पोहोचतात तो दारात खालकर उभे. "साहेब, परवाच्या मालात गोडी कमी होती, म्हणून दोन पेट्या अजून आणल्यात. नाय म्हणू नका, भाऊ रुसतो!"

*

अठ्ठ्याण्णव साली मात्र हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. सकाळी अकराला लिमयेसाहेब टूलरूममध्ये पोट धरून खाली बसले. चेहरा पांढराफटक, अंगाला घाम. कंपनीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अपेंडिक्स आहे. फुटायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं."

साहेब कण्हत म्हणाले, "मला पुण्याला न्या. तिथे माझे ओळखीचे सर्जन आहेत. इथे मी हात लावू देणार नाही."

पुणं म्हणजे पाच तास! मी रडकुंडीला आले. "साहेब, ऐका हो," म्हटलं, तर त्यांनी तोंड फिरवलं. पगारांनी जीप काढली. "साहेब म्हणतात तर पुण्यालाच न्यायचं," म्हणाले. मी संतापले. मागे साहेबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि पगारांना शिव्या द्यायला तोंड उघडणार, तोच आरशातून त्यांनी मला गप्प राहायची खूण केली.

जीप पुण्याचा रस्ता सोडून नाशकातल्याच गंगापूर रोडकडे वळली.

साहेबांचे डोळे मिटलेले. "सिन्नर आलं का?"

"आलंच साहेब," पगार म्हणाले.

दहा मिनिटांनी, "घाट लागला?"

"लागला. म्हणून तर गचके बसतायत."

हॉस्पिटलात स्ट्रेचरवर घेतलं. साहेब अर्धवट शुद्धीत. "पुणं?"

"पुणं, साहेब."

"सर्जन?"

"तुमच्या ओळखीचेच. तुम्हाला वाचवणारा ओळखीचाच की!"

ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, अजून दोन-तीन तास गेले असते तर काही सांगता आलं नसतं. पगार एकदम बाकावर बसले आणि गाडी पुसायच्या फडक्यात तोंड घालून रडले. तेव्हा मला समजलं, की ती पंधरा मिनिटं त्यांचीही कशी गेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांना नीट शुद्ध आली, तर खोलीत दोन शिफ्टची माणसं. कुणी पेज आणलेली, कुणी अंगारा, कुणी नुसतंच पायथ्याशी उभं. वहिनी कोपऱ्यात, त्यांनाच उभं राहायला जागा नाही. साहेबांनी एकेक चेहरा पाहिला.

"हे पुणं नाही," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"कशावरून, साहेब?" पगारांनी विचारलं.

"आमच्या पुण्यात पेशंटजवळ एवढी गर्दी करू देत नाहीत!"

*

दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात माझी पुण्याला परत बदली झाली. कोथरूडला फ्लॅट घेतला. सामान लावून झालं, तशी मी एका वाटीत चिवडा घेतला आणि समोरच्यांची बेल वाजवली. दार साखळीएवढं उघडलं. फटीतून एक डोळा.

"काय काम आहे?"

"काही नाही. सहज."

"सहज म्हणजे?"

आता "सहज म्हणजे" काय, ते कसं सांगणार? मी म्हटलं, "समोर राहायला आलेय. नाशिकचा चिवडा आणलाय."

"आम्ही मागवला नव्हता."

दार बंद! मी वाटी हातात घेऊन उभी. जन्म माझा पुण्यातला, सदाशिव पेठेतला, आणि मला पुणेकरांचा असा राग आला की मी रात्री पगारांना एसटीडी लावून तासभर बोलले. सगळं ऐकून ते म्हणाले, "ताई, मंडळी घेऊन येऊ का?"

*

लिमयेसाहेब माझ्या आधीच, दोन हजार दोन साली रिटायर होऊन पुण्याला परतले होते. निरोपाच्या भाषणात चाळीस मिनिटं नाशिकला नावं ठेवून! धूळ, डास, दुपारी झोपणारी दुकानं, न सांगता येणारी माणसं, काही सोडलं नाही. "सुटलो एकदाचा," हे शेवटचं वाक्य. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पगारांनी सगळ्यात जोरात.

मी पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षी त्यांच्याकडे जाईन जाईन म्हणत राहून गेलं. एका शनिवारी सकाळी मी नाशिकला एका लग्नासाठी निघाले होते. शिवाजीनगरजवळ रस्त्याच्या कडेला खासगी बस उभ्या असतात, तिथे गेले. बाकावर लिमयेसाहेब! पांढरा हाफ शर्ट, हातात छत्री, घडी केलेला पेपर मांडीवर.

"अय्या, साहेब! नाशिकला निघालात?"

"मी? छे! मला वेड लागलंय का?"

"मग कुणाला सोडायला आलात?"

"नाही."

"मग?"

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. समोरच्या बसवरच्या पाटीवर 'नाशिक, सकाळी ८.००' लिहिलेलं. आठ वाजून बारा मिनिटं झाली होती.

"ही नाशिकची गाडी वेळेवर सुटते का ते बघायला येतो."

"आज आलात?"

"दर शनिवारी. दोन वर्षं होतील आता."

"मग सुटते का?"

"एकदाही नाही!" साहेब इतक्या आनंदानं म्हणाले, की मी बघतच राहिले.

मी बसमध्ये चढले, खिडकीशी बसले. आठ वाजून वीस मिनिटांनी इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि रोजच्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं ओरडला, "काय काका, आज तरी चढताय का?"

लिमयेसाहेबांनी छत्री उगारली.

"आधी तुम्ही वेळेवर सुटा!"