भरल्या पानावरून

चित्रलेखा भांडखोर आहे असं सिडनीच्या क्वेकर्स हिलमधला प्रत्येक मराठी माणूस म्हणतो. मीही म्हणते. फक्त ती कोणाशी आणि कशासाठी भांडते हे मी जवळून पाहिलंय, आणि या एका भांडणाबद्दल तर माझंही डोकं अजून तापलेलं आहे.

बाई मूळची पुण्याची. शिकली सिव्हिल इंजिनिअरिंग, नोकरी कौन्सिलच्या ड्रेनेज विभागात. पावसाचं पाणी कुठे तुंबेल ते ती आधी सांगते, आणि कोणी ऐकलं नाही तर भर मीटिंगमध्ये टेबल आपटते. शिरीष, म्हणजे तिचा नवरा, अगदी शांत माणूस होता. तो गेल्यावर लोकांना वाटलं, आता ही जरा नरमेल. कसली नरमतेय!

शेजारच्या इरीनीशी तिची ओळखही भांडणातूनच झाली. शिरीषने लावलेला द्राक्षाचा वेल कुंपणावरून पलीकडे गेला होता. एका सकाळी पाहते तर पलीकडची म्हातारी वेलाची कोवळी पानं खुडून परातीत भरतेय. ही ओरडली, "माझी पानं चोरतेस?" इरीनीने शांतपणे आणखी चार पानं खुडली. दुसऱ्या दिवशी तीच पानं दारात आली, भात आणि शेपू भरून, लिंबू पिळून, विड्या वळाव्यात तशी वळलेली. चित्रलेखाने उभ्याउभ्या ताटली रिकामी केली. त्यानंतर त्या वेलावर दोघींचा हक्क.

इरीनी इजिप्तची, लक्सर गावची. कॉप्टिक, म्हणजे तिथल्या जुन्या ख्रिश्चनांपैकी. ईस्टरच्या आधी त्यांचे लांबलचक उपवास असतात. मांस, मासे, अंडं, दूध, काही म्हणजे काही चालत नाही. आपल्यासारखी साबुदाण्याची चंगळ नाही. शिरीष शेवटचा हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा तिचे हेच उपवास चालू होते, आणि चित्रलेखा शाकाहारी. रोज संध्याकाळी इरीनीचा डबा यायचा. आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवरून तेव्हा हात जोडलेले इमोजी यायचे. मी त्या ग्रुपवर आहे, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

या वर्षी एप्रिलच्या शाळेच्या सुट्टीत आमच्या ग्रुपने इजिप्तची टूर काढली. म्होरक्या अर्थातच प्रताप. प्रताप आयटीत मोठा मॅनेजर, बोलायला पक्का, आणि टूर काढायची त्याला फार हौस. सिडनीहून निघतानाच त्याची एक बॅग नुसत्या पाकिटांनी भरलेली: गरम पाणी घातलं की पोहे, गरम पाणी घातलं की उपमा. त्यावर माझा आक्षेप नाही. पण आपण लक्सरला आलोय. समोर नाईल, मागे हजारो वर्षांची देवळं, गल्लीच्या तोंडावर फुलासारखी फुगणारी वाटलेल्या डाळीची भजी तळतायत. आणि रोज दुपारी या माणसाचा फोनवर एकच शोध, "लक्सरमध्ये कुठे जेवावं", आणि रोज उत्तर तेच, तिथलं एकुलतं एक इंडियन रेस्टॉरंट. तिथलं पनीर रबरासारखं होतं. तरी सगळे म्हणायचे, "ॲट लीस्ट सेफ आहे रे."

इरीनीचे गुडघे गेलेत. कितीतरी वर्षांत तिला गावी जाता आलेलं नाही. तिचा धाकटा भाऊ बुतरुस नाईलच्या पलीकडच्या काठावर एक छोटी खानावळ चालवतो. चित्रलेखा निघताना इरीनीने तिचा हात धरून सांगितलं होतं, "मला येता येत नाही. पण एक संध्याकाळ तुम्ही सगळे माझ्या घरी जेवा. बुतरुसचं घर म्हणजे माझंच." पैशांचं नावही काढायचं नाही, अशी वर तंबी.

चित्रलेखाने सगळ्यांना तीन-तीनदा सांगितलं. तिथे उपवास चालू आहेत, सगळं शाकाहारी आहे, तेलातलं आहे, दुधाचासुद्धा थेंब नाही. सगळ्यांनी मान डोलावली. आम्ही संध्याकाळी बोटीने पलीकडे गेलो. बुतरुसने त्या दिवशी खानावळ इतरांसाठी बंद ठेवली होती. उसाच्या शेताकडेच्या गच्चीवर लांबच लांब टेबल मांडलं होतं. वाटेत कालव्यात दोन-तीन म्हशी डुंबत होत्या, तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. हे सांगायचं कारण पुढे कळेल.

चित्रलेखा आणि मी आत स्वयंपाकघरात गेलो. बुतरुसच्या बायकोने आम्हाला मिठीच मारली. उन्हात फुगवून भाजलेल्या जाड पावांची टोपली तिने माझ्या हातात दिली. बाहेर बुतरुसचा आवाज ऐकू आला, मोठा, आनंदाचा. पाठोपाठ खुर्च्या सरकल्याचे आवाज.

आम्ही बाहेर आलो तर टेबलाशी कोणी नाही. वाढलेली ताटं तशीच. सगळी पंगत भरल्या पानावरून उठून गेलेली. बुतरुस मोठ्या पातेल्याचं झाकण हातात धरून उभा होता. "मॅडम," तो म्हणाला, "त्यांना बरं वाटत नाही का?"

आपल्यात भरल्या पानावरून उठणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. व्याही व्याह्यावर चिडला तरी हात धुईपर्यंत थांबतो. चित्रलेखाच्या तोंडाला आलेले शब्द तिने गिळले. "ऊन लागलं त्यांना," ती म्हणाली, आणि खाली बसली. मी पण बसले. पातेल्यात काय होतं? इरीनी करते तीच पानं. भरलेली वांगी, भरलेली कोवळी दुधीसारखी भाजी, भरलेल्या मिरच्या. बुतरुसची बायको सकाळपासून तेच वळत बसली होती. आम्ही दोघी पोट फुटेस्तोवर जेवलो आणि तरी ते पातेलं भरलेलंच दिसत होतं. बुतरुस स्वतः जेवला नाही.

हॉटेलच्या लॉबीत सगळे पोह्यांचे कप घेऊन बसले होते.

"काय झालं?" चित्रलेखाने विचारलं.

"अगं, त्याने झाकण उघडलं आणि ओरडला ना," प्रताप म्हणाला, "म्हशी! ऑल म्हशी! स्वतः म्हणाला तो. पानात गुंडाळलेला खिमाच दिसत होता. मी सगळ्यांना म्हटलं, गाईज, उठा."

चित्रलेखाचा आवाज असा चढला की रिसेप्शनवरची माणसं उठून उभी राहिली. "महशी! अरे, महशी म्हणजे भरलेली भाजी! आपण भरली वांगी म्हणतो ना, तसं! त्या माणसाला मराठी येतं का? लक्सरचा माणूस तुला म्हैस मराठीत सांगणार आहे?"

"मला काय माहीत? म्हशीसारखं ऐकू आलं. रिस्क कशाला?"

"मी सांगितलं होतं ना सगळं व्हेज आहे?"

"चिल, चित्रा. नो वरीज. उद्या त्याला फोन करून सॉरी म्हण."

पहाटे आमची अस्वानची गाडी होती. चित्रलेखाने फोन केला नाही. "काय सांगू?" ती मला म्हणाली. "आमच्या लोकांना तुझ्या तोंडात म्हैस ऐकू आली? घरी गेल्यावर इरीनीलाच समोर बसून सांगते. ती सांगेल भावाला."

पण प्रताप तिच्या आधी पोचला होता. त्याच लॉबीत, पोहे खाताखाता त्याने नेटवर बुतरुसच्या खानावळीखाली एक स्टार देऊन लिहून ठेवलं होतं: शाकाहारी असल्याचं सांगूनही मालकाने म्हशीचं मांस वाढलं, टाळा. आम्हाला पत्ता नव्हता. चित्रलेखाने सिडनीला आल्यावर इरीनीचं दार वाजवलं तेव्हा मी खजुरांचा खोका घेऊन तिच्या मागेच उभी होते. इरीनीने दार उघडलं, हिचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली.

"माझ्या भावाने तुझा धर्म बाटवला," ती म्हणाली. "मला माफ कर. ऐन उपवासात त्याने घरात मांस शिजवलं, तेही माझ्या पाहुण्यांना. लोक त्याला शिव्या घालतायत. तो नाही म्हणतोय. मी म्हटलं, ते लोक स्वतः उपवास करणारे आहेत, ते खोटं लिहिणार नाहीत. मी त्याला नाही नाही ते बोलले. आता तो माझा फोन उचलत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई गेल्यावर या बाईने वाढवलेला भाऊ, त्याचं न ऐकता तिने आमच्यावर विश्वास ठेवला. आमच्यावर! का, तर आम्ही उपवास करणारी माणसं.

चित्रलेखाने तिला सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाली, "मेधा, गाडीत बस."

प्रताप घरीच होता, मागच्या अंगणात बार्बेक्यू पुसत. चित्रलेखाने काय झालं ते सांगितलं. त्याची लेक ईशानी युनिव्हर्सिटीचा अभ्यास करत तिथेच बसली होती. ती मान वर करून म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट इव्हन आस्क हिम?"

"ओके ओके, मी डिलीट करतो, बस?" प्रतापने फोन काढला.

"डिलीट करायचं नाही," चित्रलेखा म्हणाली. "डिलीट केलंस तर तू सुटशील, तो नाही. इरीनीच्या घरी चल. तिच्यासमोर बसून त्याखाली खरं लिही. तुला तिथली भाषा येत नाही, तू विचारलं नाहीस, आणि त्याने भाजी वाढली होती."

"अगं, लोक हसतील मला."

"हसू देत. त्याला लोक शिव्या घालत होते तेव्हा तुला चाललं ना?"

तो आला. खरं तर ईशानीने गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली, म्हणून आला. इरीनीच्या स्वयंपाकघरात बसून त्याने लिहिलं. चित्रलेखा मागे उभी राहून वाचत होती, आणि "गैरसमज झाला असावा" यातला "असावा" तिने खोडायला लावला. इरीनीने ते भाचीला, बुतरुसच्या लेकीला पाठवलं. थोड्या वेळाने बुतरुसचाच फोन आला. इरीनीने तो स्पीकरवर टाकला. बहीणभाऊ बराच वेळ अरबीत बोलत होते, म्हणजे इरीनी रडत होती आणि तो काहीतरी समजावत होता. प्रतापची चुळबुळ चालली होती. झालं ना आता, निघू या, अशी खूण त्याने मला केली.

मग बुतरुस इंग्रजीत बोलायला लागला. "मॅडम चित्रा आहेत का? मला एकच विचारायचंय. त्या दिवशी माझ्या दारातून इतकी माणसं उपाशी गेली. त्याच विचाराने मला झोप नाही. नंतर कुठेतरी नीट जेवली ना ती?"

चित्रलेखाने फोन उचलला आणि प्रतापच्या तोंडासमोर धरला.

"सांग त्याला," ती म्हणाली. "आता का दातखीळ बसली?"