मडक्यात हात कुणी घालायचा

मुरुडच्या अलीकडच्या एका गावात नवं हायस्कूल निघालं आणि मी तिथं मास्तर म्हणून गेलो. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. उत्साह दांडगा होता, पण मी पडलो घाटावरचा, संध्याकाळी बोलायला कुणी नव्हतं. समुद्राकडे तरी किती वेळ बघणार! शेजारी मासळी विकणारी एक विधवा कोळीण राहायची. तिची मुलगी गावच्या शाळेत चौथी पास झालेली. ती रोज संध्याकाळी पाटी घेऊन माझ्या ओट्यावर यायची, गणितं सोडवायची आणि माझ्या वाकड्यातिकड्या भाकऱ्यांना हसायची. त्या हसण्यावर माझा दिवस निघत असे.

पाचवीत जागा थोड्या, मुलं जास्त. जागा मिळाली नाही तर ही पोर आईबरोबर टोपली घेऊन बाजारात जाणार, हे ठरलेलं होतं. हेडमास्तरांनी चिठ्ठ्या टाकायचं काढलं, तर आईबाप बिथरले. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते त्यांना वाचता कुठं येत होतं? मग किनाऱ्यावर मासळीचे वाटे करतात तीच रीत धरली. ज्यानं त्यानं आपली खूण द्यायची, कुणी शिंपला, कुणी सुपारी, कुणी गुंडी. सगळ्या खुणा मडक्यात टाकायच्या आणि ज्याला कुणाची कुठली ते ठाऊक नाही, त्यानं जागा असतील तितक्या उचलायच्या.

हे कुणी करायचं, यावर शेजारीणच म्हणाली, "मास्तरांना काढू द्या. त्यांचं हितं कोन हाय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते फार लागलं.

शाळेच्या अंगणात पंच्यानं माझे डोळे करकचून बांधले. बोटांचा विचार मात्र कुणीच केला नाही, मीसुद्धा. मडक्यात हात घातला आणि पहिल्यांदाच बोटांत आला पाटीवरच्या पेन्सिलीचा तुकडा, एका बाजूनं चपटा. तो मीच तिला घासून दिला होता. मला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच भीती वाटली.

तुकडा सोडून मी हात बाहेर काढला. "एक खूण मला ओळखू येते," मी मोठ्यानं म्हणालो. "माझ्या हातून ही सोडत नको."

हेडमास्तर वैतागले. पण सगळ्या खुणा एकसारख्या चिंध्यांत बांधून पुन्हा मडक्यात टाकल्या. नुकत्याच आलेल्या एसटीच्या कंडक्टरला धरून आणलं. त्यानं भराभर पुरचुंड्या काढल्या. पेन्सिलीची पुरचुंडी मडक्यातच राहिली. सोडत चोख झाली, असं सगळे म्हणाले, आणि मला त्यांचा राग आला.

संध्याकाळी शेजारीण दारात आली. "तुमच्या हाताला लागली ती आमचीच ना?"

मी हो म्हणालो.

"मंग देवानं हातात दिल्यालं परत टाकलंत कशाला?"

मी न्यायाबद्दल काहीबाही बोललो, वर्गात बोलतात तसं. तिनं ऐकून घेतलं आणि गेली. त्यानंतर ओट्यावर कुणी आलं नाही. मी उगाच कंदील लावून बसायचो. सकाळी ती मुलगी आईच्या मागून टोपली घेऊन जाताना दिसायची. मी हाक मारली तर थांबायची आणि टोपली सावरून पुढं जायची.

मी तिला ओळखत नसतो, तर ती माझ्या वर्गात बसली असती.