व्याह्यांचा खडा

आमच्या व्याह्यांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात सापडायचा नाही. बसले की पाय हलतात, उभे राहिले की सगळे अंग. काखेत सदा पाण्याची बाटली. उड्या मारल्या की मूतखडा सुटतो, असे कुणीतरी सांगितल्यापासून हे बाजाराच्या पायऱ्या उतरतच नसत. उडी मारून खाली येत. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून खड्ड्यांचे रस्ते शोधत हिंडत. मोपाच्या विमानतळाचा गुळगुळीत रस्ता झाला, लोक खूश. हे एकटे चिडलेले. "कसलो रस्तो ह्यो? खडो जाग्यावरसून हलणाच नाय!"

माझा राग वेगळाच होता. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली आणि बाजारात भाजीचे दुकान उभे केले. भावात मला आजवर कोणी हरवलेले नाही. माझी मुलगी पाहायला आले तेव्हा ह्याच गृहस्थांनी माझ्या बायकोच्या हातचे, आंबाड्याची आंबट फळे घालून केलेले अळू वाट्यांवर वाट्या चापले आणि मानपानाचे बोलणे विसरून सोयरीक पक्की केली. पुढे खडा झाला. अळू, तांबडी भाजी, काजू ह्यांत ऑक्झलेट असते, जपून खा, एवढेच डॉक्टर म्हणाले. हे थेट माझ्या दुकानासमोर उभे! "बाये, अळू घेव नको गो! माझो खडो ह्यांच्याच घरचो!"

दुसरा कोणी असता तर तराजू फेकून मारला असता. पण मुलगी त्यांच्या घरात. दातओठ खात मी म्हणायचो, "या व्याहीबुवा, बसा." ते बसत नसत. आमच्याकडे जेवणेही त्यांनी सोडले.

शेवटी खडा पडला. चतुर्थीला ते आपणहून आले, पानावर बसले आणि शोधू लागले.

"अळू खंय?"

"तुम्हाला चालत नाही ना?"

"उकडून पाणी ओतून टाकायचा आणि दह्याबरोबर थोडा खायचा, चलता म्हणाले डॉक्टर. चार पानां तरी ठेवायची मरे!"

सणाचा चढा भाव बघून मी सकाळीच शेवटची जुडी विकून टाकली होती.

पुढे जावयाची बदली झाली आणि व्याह्यांसकट सगळे दूर वाळपईला राहायला गेले. आता गुरुवारच्या बाजारात अळूची एक जुडी मी ओल्या फडक्याखाली ठेवतो. परवा एका बाईने तिला दुप्पट भाव देऊ केला.

"विकायची नाही ती," मी म्हटले आणि पायऱ्यांकडे पाहिले. सगळे एकेक पायरी उतरत होते.