खरवडलेली फुलं

"खरवडलं की संपलं," असं म्हणत कातिबसाहेब डाव्या अंगठ्याच्या नखावर सुरीची धार पाहायचे. मग मांडीवर घेतलेल्या बकऱ्याच्या कातड्यावरचं चुकलेलं अक्षर इतकं अलगद काढायचे, की तिथं काही होतं हे तुम्हाला शपथेवर सांगूनही पटलं नसतं.

छावणीत लिहिणाऱ्याला कातिब म्हणायची सवय निजामाच्या काळापासूनची. हे कातिब बेने इस्रायली. घरात मराठी बोलत आणि बकऱ्याच्या कातड्यावर बोरूनं हिब्रू धर्मग्रंथ लिहीत. बकरं पुरवायचो मी. आम्ही पडेगावचे धनगर. पोलीस ॲक्शननंतरची बरीच वर्षं त्यांच्या ओसरीवर माझं जाणं-येणं होतं. बकरं ते स्वतः त्यांच्या रीतीनं कापत, कातडं चुन्यात घालून चौकटीवर ताणत. त्यावर काट्याचा एक ओरखडा दिसला तरी माझा उद्धार व्हायचा.

"बकरं चारलंस का बाभळीत लोळवलंस? हे देवाच्या कामाला लावू का तुझ्या पायताणाला?"

माणूस तोंडाचा फार वाईट. तरी मी तिथं रेंगाळायचो, ते त्यांच्या मुलीचं, रिबकाचं, काम बघायला. त्यांच्या मुख्य ग्रंथाला वेलबुट्टी चालत नाही, तिथं नुसती अक्षरं. पण एस्तेर राणीची गोष्ट ते सणाला वाचतात, तिच्यात देवाचं नाव कुठंच येत नाही, म्हणून तिच्या कडेनं फुलं काढलेली चालतात. त्यांच्या घरात अशी एक गुंडाळी होती. पहिल्या पानाची किनार रिबकाच्या आईनं रंगवलेली. ती तापात गेली, आणि पुढची सगळी पानं रिबकानं पुरी केली. सीताफळाची पानं, मकबऱ्याच्या जाळीतली फुलं, आणि एका कोपऱ्यात माझी काळी शेळी!

"अक्षरं बघा माझी," कातिबसाहेब पाहुण्यांना सांगायचे. "फुलं काय, कुणीबी काढतंय." पण ती गुंडाळी मिटायला दुसऱ्या कुणाला हात लावू देतील तर शपथ.

पुढं त्यांची माणसं एकेक घर करून इस्रायलला निघाली. रिबका गेली नाही. तिनं आमच्या बाजूच्या एका हिंदू शेतकरी घरातल्या मास्तराशी लग्न केलं. कातिबसाहेबांनी त्यांच्या रीतीनं जमिनीवर बसून जित्या मुलीचं सुतक पाळलं.

मी भेटायला गेलो, तर समोर ती गुंडाळी उघडलेली आणि हातात सुरी. एकेक पाकळी खरवडून काढत होते.

"साहेब, हे काय करताव?"

"चूक काढतोय."

"अहो, पहिल्या पानावरची तर बाईंची हायत!"

हात थांबला. मला वाटलं, फुलं वाचली. ते म्हणाले, "तिनंच तर शिकवलं हिला." आणि बायकोची फुलंही खरवडायला घेतली.

मधे बरेच दिवस गेले. एकदा सकाळी मी ओसरीवर असताना रिबका आली, कडेवर पोर. पायरीखालीच उभी राहिली.

"बाबा, दुसरं काय नको मला. आईची फुलं तेवढी द्या."

ते आत गेले, गुंडाळी आणून तिच्या हातात दिली. "घे. बघ आईची फुलं."

तिनं उघडली. मधे काळीभोर अक्षरं आणि कडेला कोरं कातडं. ती रडली नाही. पोर माझ्याकडं देऊन अंगणात गेली आणि तिनं पहिलं पान उन्हात धरलं. कातड्याचा धंदा माझाही आहे. खरवडलेली जागा पातळ होते आणि तिथून उजेड येतो. एकेक पाकळी उन्हात पेटली.

"बाबा! दिसतायत! आईची फुलं दिसतायत!"

कातिबसाहेब खाली उतरले. तिच्या खांद्यामागून बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा असा झाला होता, की तुम्हीही माझ्यासारखेच फसला असता. मग त्यांनी गुंडाळी तिच्या हातातून काढून घेतली, पायरीवर बसले, नखावर सुरी पाहिली, आणि तीच फुलं पुन्हा खरवडू लागले. आता कातडं कुठून टिकणार? भोक पडलं, सुरी सटकली आणि त्यांच्या स्वतःच्याच अक्षरांतून आरपार गेली. गुंडाळी वाचायच्या कामातून गेली.

"खरवडलं की संपलं," ते म्हणाले. मग फाटकी गुंडाळी स्वतःच मिटून आत घेऊन गेले.

ते वारले तेव्हा छावणीत त्यांच्यातली चारदोन म्हातारी माणसंच उरली होती. बाद झालेली गुंडाळी ते लोक टाकत नाहीत, जाळत नाहीत, मयताबरोबर पुरतात. रिबका हात जोडून म्हणाली, "फाटकीच द्या मला."

त्यांच्यातले एक म्हातारे म्हणाले, "पोरी, तो सांगून गेलाय. माझ्या उशाशी ठेवा म्हणून."

ठेवली. मीही माती लोटली. सूड म्हणून नेली की माया म्हणून, याचा मी फार विचार केला, पण राग काही गेला नाही. पोरीच्या हाताला काहीच लागलं नाही.

परत येताना ती लिंबाखाली टेकली. पोराला दाखवायला तिनं धुळीत बोटानं सीताफळाचं एक पान काढलं. पोरानं हसत ते पायानं पुसलं. तशी तिनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की मीच दचकलो. मग त्याला उराशी घेऊन ती मोठ्यानं रडली.