आबा, दिल्लीत काय करणार?

मतदानाचं वय एकविसावरून अठरावर आलं आणि आमच्या धुळ्याच्या कॉलेजला एकदम भाव आला. तोवर लोकसभेच्या निवडणुकीत कुणी उमेदवार आमच्या फाटकात गाडी थांबवत नसे. त्या वर्षी पोरांच्या हातात पहिल्यांदाच मत आलं होतं आणि रोज कुणीतरी कार्यकर्ता स्टाफरूममध्ये चहाला येऊन बसायचा.

मी राज्यशास्त्र शिकवत होते. माझ्या वर्गातल्या मुलांनी एक मागणी केली. दोन्ही मुख्य उमेदवारांना एकाच दिवशी हॉलमध्ये बोलवा, त्यांनी थोडं बोलावं आणि मग आमच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत. मला ती मनापासून पटली. अडचण एवढीच होती की, त्या दोघांपैकी एक आमच्या संस्थेचे अध्यक्ष होते. सगळा जिल्हा त्यांना आबा म्हणायचा. प्राचार्यांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले की, आबांना वर्गातली पोरं प्रश्न विचारणार हे मी त्यांना सांगू शकत नाही. मी म्हटलं, तुम्ही परवानगी द्या, सांगायचं काम माझं.

दुसऱ्या दिवशी मी आबांच्या जिनिंगच्या कारखान्यावर गेले. कापसाच्या ढिगापाशी खुर्ची टाकून ते बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, वकीलसाहेबही येणार का? वकीलसाहेब म्हणजे त्यांचे विरोधक. मी हो म्हटलं, आणि दोघांना सारखाच वेळ मिळेल, खुर्च्याही सारख्याच असतील, हेही सांगितलं. आबांनी तारीख विचारली. मग येतो म्हणाले.

हॉल खच्चून भरला. वकीलसाहेब आधी बोलले. खानदेशला स्वतःचं विद्यापीठ मिळवून देतो, असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. आबांनीही तेच सांगितलं. तेव्हा जळगावच्या विद्यापीठाची नुसती चर्चा होती आणि एका गुणपत्रिकेसाठी पोरांना पुण्याची एसटी धरावी लागायची. टाळ्या दोघांनाही भरपूर पडल्या.

मग शिरपूरकडची एक मुलगी उठली. कापूस पिकवणाऱ्या घरातली, वर्गात फारशी न बोलणारी. ती घरच्या बोलीतच बोलली.

"आबा, विद्यापीठ देनं मुंबईना हातमा शे. तुम्ही दिल्लीले जाई राह्यनात. तठे जाईसन आमनाकरता काय करशात?"

प्राचार्य माझ्याकडे पाहू लागले, मी त्या मुलीकडे पाहत होते. राज्याचं काय आणि केंद्राचं काय, हा धडा मी वर्षभर शिकवला होता. तो असा उभा राहून बोलताना पाहिला आणि माझी मान ताठ झाली.

आबांनी धोतराचा सोगा सारखा केला. "याना इचार मी करेल नही, माय," विचारच केलेला नाही, असं सरळ कबूल करून ते खाली बसले. वकीलसाहेबांनी पुन्हा विद्यापीठच काढलं, तेव्हा मागच्या बाकांवर हसू फुटलं.

आबा पडले. कॉलेजात कुजबुज सुरू झाली की बाईंच्या कार्यक्रमामुळे पडले. मला ते कधीच खरं वाटलं नाही. एवढा मोठा मतदारसंघ एका हॉलवर ठरत नाही. पण जूनमध्ये माझी बदली संस्थेच्या दोंडाईच्याच्या कॉलेजात झाली. सहकाऱ्यांनी सुचवलं, जाऊन माफी मागा, बदली रद्द होईल. मी आबांकडे गेले, पण माफीसाठी नाही. दोंडाईच्याला पदवीला राज्यशास्त्र नव्हतं. मी म्हटलं, पाठवता आहात तर विषय सुरू करायची परवानगी द्या. आबांना हसू आलं. परवानगी तिथल्या तिथे मिळाली.

मी दोंडाईच्यात खोली घेतली. पहिल्या वर्षी वर्गात मोजकीच मुलं होती, पण चुणचुणीत. दरम्यान जळगावचं विद्यापीठ झालं, आणि सरकार पडून पुन्हा लोकसभा लागली. आबा पुन्हा उभे राहिले, वकीलसाहेबही. मी पुन्हा दोघांनाही बोलावलं. या वेळी तिथल्या प्राचार्यांनी मला थांबवलं नाही.

आबा वेळेआधीच आले. ती शिरपूरची मुलगी कुठे आहे, असं त्यांनी आल्या आल्या विचारलं. एम.ए. करते, मी सांगितलं. मग ते बोलले ते फक्त दिल्लीतल्या गोष्टींवर. कापसाची निर्यात बंद झाली की आपल्या बाजारात भाव कसा पडतो, दोंडाईच्याच्या स्टेशनात मालगाडीच्या डब्यांसाठी व्यापारी किती ताटकळतात, आणि हे कोणत्या खात्याकडे मांडायचं. मुलांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले. दोन प्रश्नांना त्यांनी सरळ सांगितलं, हे मला माहीत नाही, विचारून सांगतो. माझ्या मते त्या दिवसातलं सर्वांत चांगलं उत्तर ते होतं.

त्या खेपेला आबा निवडून आले. दिल्लीला जाण्याआधी त्यांनी मला निरोप धाडला, धुळ्याला परत यायचं असेल तर सांगा. मी नको म्हणून कळवलं. माझी पहिली तुकडी आता कुठे दुसऱ्या वर्षाला आली होती, आणि तिला अर्ध्यात सोडून जायची मला मुळीच इच्छा नव्हती.